कोकणातल्या चिरेबंदी घराला बाहेरून पर्यावरणपूरक क्लॅडिंग (भिंतीवरचं आवरण) करायचंय. डब्ल्यूपीसी, फायबर सिमेंट बोर्ड की लाकूड?

तुम्ही लिहिलंय की घर वडिलोपार्जित आहे, देवरुखच्या बाजूला आहे, पश्चिमेच्या भिंतीला ओल येते आणि ठाण्यातल्या इंटीरियरवाल्याने डब्ल्यूपीसी पॅनेल सुचवलंय, "लाकडासारखं दिसतं आणि झाडही तुटत नाही" म्हणून. हेच वाक्य मी आमच्या ओटीवर उभं राहून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, आणि आपल्याकडे ते प्लास्टिक बऱ्याचदा पीव्हीसी. दोन्ही एकजीव झाले की पुन्हा वेगळे करणं कठीण. उद्या उन्हाने तडकलं की भंगारवाला हात लावत नाही, आणि गावात नको असलेल्या वस्तूचं शेवटी काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे: परसात काडी. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. तो धूर कोणाच्या नाकात जाणार? खोक्यावर हिरवं पान छापायला काय लागतं!

आमचं घर राजापूर तालुक्यातलं. आजोबांनी बांधलेलं, चिरे मातीत बसवलेले, बाहेरून चुन्याचा गिलावा. पश्चिमेला दर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, झावळ्यांची झापं बांधायची, दसऱ्यानंतर काढायची. दादा मुंबईला. गणपतीत येणार, मे महिन्यात आंबे खायला येणार, आणि त्याला झापं बांधलेलं घर गोठ्यासारखं वाटणार. एका मे महिन्यात त्याने माणसं लावून जुना चुना खरवडून काढला, सिमेंटचा गिलावा मारला आणि वर ॲक्रिलिक रंग दिला. गणपतीला आलेल्या सगळ्यांनी वाहवा केली. मातीत बसवलेल्या चिऱ्याला सिमेंट मानवत नाही, हे मी काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. "तू अजून आजोबांच्या काळात आहेस," एवढं ऐकून घेतलं.

चिरा म्हणजे जांभा दगड, तो पाणी पितो. पिऊ दे, फक्त प्यालेलं सोडायला वाट हवी. चुन्यातून ओल बाहेर सुटते. सिमेंटला मात्र केसाएवढी चीर पडली की झडीचं पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. जोत्यातून वर चढणारी ओलही बाहेरची वाट बंद झाली की माजघरात उतरते. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या आईच्या ट्रंकेतल्या लुगड्यांवर बुरशी चढली. बाहेरून बोटाच्या पेराने वाजवलं तर गिलावा जागोजागी पोकळ वाजायचा. पुढे एक मोठा पोपडा आपोआप सुटून पडला. उलटा करून बघितला तर मागे चिऱ्याचाच थर चिकटून आलेला. संक्रांत होऊन गेली होती, तरी चिऱ्यांमधली माती चिमटीत धरली की तिची गोळी होत होती.

त्यावर दादाचा उपाय काय, तर वरून पॅनेल! ओले तांदूळ डब्यात भरून घट्ट झाकण लावण्यातला प्रकार. तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. सगळं सिमेंट छिन्नीने काढलं, भिंत उन्हाळाभर उघडी वाळू दिली, पावसात झापं बांधली आणि पुढच्या थंडीत चुना केला. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळता मिळेना. शेवटी शेजारच्या गावातले एक म्हातारे गवंडी तयार झाले. कळीचा चुना विझवून महिनाभर खड्ड्यात भिजत ठेवला, एक भाग चुन्याला तीन भाग वाळू, वर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. त्यांची एकच अट होती, फाल्गुन संपायच्या आत काम उरकायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, पावसाच्या तोंडावर केला तर टिकत नाही. पर्यावरणाचं विचाराल तर चुना भाजायला साधारण ९०० अंश लागतात, सिमेंटला १,४५० च्या आसपास. आणि भट्टीत चुनखडीतून सुटलेला वायू चुना घट्ट होताना बराचसा परत घेतो.

त्याच वेळी पश्चिमेचं छप्पर दीड हात पुढे काढलं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. झापांऐवजी आता माणगा बांबूच्या कामट्यांचे तट्टे केलेत. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेल्या कामट्या, भिंतीपासून चार बोटं लांब, हुकांवर. काढता-घालता येतात, मागून हवा खेळते. तुम्ही क्लॅडिंग म्हणता ते हेच.

तुमच्या यादीतलं विचाराल तर फायबर सिमेंट बोर्ड, म्हणजे सिमेंट आणि तंतूंचा तक्ता, डब्ल्यूपीसीपेक्षा बरा, पण ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक) नसलेलाच घ्या आणि मागे हवेची फट सोडूनच लावा. लाकूड घरचं असेल तर उत्तम. ऐन, किंजळ चालेल. काजूच्या टरफलांचं तेल लावा, वाळवी लांब राहते. हातमोजे घाला, कातडी भाजते. बाहेरून आणलेलं पाइन कोकणात लावू नका.

घराला आधीच सिमेंटचे जुने पत्रे ठोकलेले असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता दाट आहे. कापू, घासू, फोडू नका. ओले करून बोल्ट सोडवा आणि अख्खेच उतरवा.

आणि हो, हे सगळं मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या चिऱ्यांबद्दल. तुमच्या भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या असतील किंवा ब्लॉकच्या असतील तर गणित वेगळं. तिथे सिमेंटचा गिलावा चालतो. पाणी छपरातून किंवा फुटक्या पन्हळीतून येत असेल तर बाहेरून काहीही लावून उपयोग नाही, आधी ते बघा. समुद्र जवळ असेल तर खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. चुन्याची मजुरी जास्त पडते, हेही खरं.

तुम्ही स्वतः घरात राहत नसाल तर जो राहतो त्याला विचारून ठरवा. पैसे मुंबईहून येतात म्हणून निर्णयही मुंबईहून यावा, हे मला कधीच पटलेलं नाही. आमच्याकडे यावर अजून एकमत नाही. परवाच दादाने दर्शनी भिंतीसाठी टाइल्सचे फोटो पाठवलेत.