सारसबागेतली झाडं पेशवेकालीन आहेत का?

पुण्याच्या सारसबागेतल्या वाटांच्या कडेची जाडजूड झाडं पेशव्यांच्या वेळची आहेत का, माहितीफलकावर तसं लिहिलं तर चालेल का, असं विचारलंय. नका लिहू. पेशव्यांच्या वेळी तिथे पाणी होतं.

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं. मधे एक बेट राखलं. सारसबाग हे नाव त्या बेटावरच्या बागेचं. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी तिथेच गणपती बसवला, म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. आज देवळाकडे चढून जावं लागतं आणि हिरवळ खाली राहते, कारण हिरवळ म्हणजे तळ्याचा तळ. तळं बुजून बाग झाली ती विसाव्या शतकात. शेजारच्या पेशवे पार्कातली फुलराणी (मुलांची छोटी आगगाडी) सुद्धा १९५६ची. तेव्हा सखल भागातल्या झाडांचं वय दशकांत मोजायचं. खरोखर जुनं काही शोधायचं तर बेटावर आणि जुन्या काठावर.

दुसरा पुरावा जातीचा. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष (संध्याकाळी पानं मिटणारा, गुलाबी तुऱ्यांचा, चिकट काळ्या शेंगांचा) दक्षिण अमेरिकेकडचा. दोन्ही आपल्याकडे आले ते पेशवाई बुडाल्यावर, इंग्रजी अमदानीत. पेशवेकालीन गुलमोहर हे वाक्य पुण्यात बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, ते तिथल्या तिथे खोडून काढावं. वड, पिंपळ, चिंच, आंबा असेल तर शंकेला जागा ठेवा.

घेर मोजायचाच असेल तर जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप आडवा, ताणून धरा. उतारावर वरच्या बाजूने उंची घ्या. त्याखालीच फांदा फुटला असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजून तशी नोंद करा. वडाच्या पारंब्या टेपात धरू नका, आकडा भलताच फुगतो. पण घेरावरून थेट वय काढू नका. वर्षावृक्ष झपाट्याने जाड होतो. पन्नाशीतला वर्षावृक्ष शेजारच्या दुप्पट वयाच्या चिंचेपेक्षा थोराड दिसू शकतो.

वयाची नोंद नीट हवी याला कायद्याचंही कारण आहे. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. म्हणजे ‘पेशवेकालीन’ लिहायची गरजच नाही, पन्नास वर्षं पुरेत.

आणि फलक खिळ्याने ठोकू नका, जमिनीत खांब रोवून लावा. खांबाचा खड्डा खोडापासून लांब घ्या, मोठं मूळ लागलं तर जागा बदला. बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट असेल तर निदान मीटरभर माती मोकळी करून घ्या. पाणी-हवा न मिळाल्याने मुळं मरतात, वरचा पर्णसंभार तसाच राहतो आणि पावसाळी वाऱ्यात झाड मुळासकट आडवं होतं.

फलकावर एवढंच पुरे: झाडाचं नाव, मूळ प्रदेश, घेर, मोजल्याचं वर्ष, आणि ‘ही जागा पूर्वी पर्वतीच्या तळ्याची’.