जुन्या कॅसेट आणि स्पूल टेप डिजिटल करताना ग्रंथालयाने एमपीथ्री फाइल ठेवली तर चालेल का?

नाही, जतनाची प्रत 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या वेव्ह (WAV, आवाज न दाबता ठेवणाऱ्या) फाइलमध्येच ठेवा. एमपीथ्री फक्त विद्यार्थ्यांना ऐकायला द्या. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आयासा) टीसी-04 मार्गदर्शिकेत 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ही किमान पातळी आहे. एमपीथ्री करताना आवाजातला काही भाग कायमचा गळतो, आणि टेप पुन्हा वाजेलच याची खात्री नसते. स्टिरिओच्या एका तासाला साधारण 2 जीबी जागा लागते, त्याचा हिशेब आधीच करा. सगळ्यात जास्त चुका वाजवतानाच होतात: हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा यंत्राचा भाग, स्पिरिटने पुसलेलं नसतं, किंवा अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा कोन, त्या टेपशी जुळवलेला नसतो. मग वरचे सूर दबतात, आवाज गोधडीआडून आल्यासारखा येतो, आणि नंतर सॉफ्टवेअरने तो नीट भरून निघत नाही. फाइल तयार झाली की लगेच चेकसम (फाइल पुढे बदलली किंवा बिघडली का हे तपासायचा आकडा) काढा, तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

मात्र टेप किंचाळत, चिकटत फिरत असेल, हेडवर तपकिरी राळ साचत असेल तर तिथेच थांबा. ती आधी तज्ज्ञाकडे द्या.