कंडक्टर नसताना व्हायोलावरून ऑर्केस्ट्रा कसा सांभाळायचा

अरे पहिल्यांदाच सोलो आणि वर लीड पण तूच, म्हणजे टेलेमान या जुन्या जर्मन संगीतकाराचा व्हायोलासाठीचा जी मेजर कॉन्चेर्तो (एक सोलो वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) घेतलास ते बरं केलंस, चार मूव्हमेंट, सोबत फक्त स्ट्रिंग्ज आणि कंटिन्युओ (म्हणजे चेलो, हार्पसिकॉर्ड वगैरेंची खालच्या सुरांची साथ), त्यामुळे कंडक्टरशिवाय खरंच जमतं. पण हाताने ताल देत बसू नकोस. ज्या लयीत वाजवायचंय त्याच लयीत नाकाने श्वास घे आणि बो (गज) उचल, तोच इशारा, आणि तो पहिल्या व्हायोलिनला आणि चेलोला दिसला पाहिजे, बाकीचे त्यांच्याकडे बघून येतात. लार्गोची, म्हणजे पहिल्या संथ मूव्हमेंटची, सुरुवात तर घरी आरशासमोर पन्नासदा कर.

दुसरं म्हणजे आवाज. व्हायोलाची सी तार व्हायोलिनच्या जी पेक्षा पाच सूर खाली, ती मागच्या घोळक्यात लगेच बुडते, म्हणून तुझा सोलो असेल तिथे निम्म्याच लोकांना वाजवायला सांग, लाजू नकोस रे! डावीकडे थोडा वळून उभा राहा, उजवी बाजू प्रेक्षकांकडे, म्हणजे एफ होलचं (वाद्याच्या वरच्या फळीतल्या, आवाज बाहेर पडणाऱ्या भोकांचं) तोंडही तिकडेच.

आणि गडकरी रंगायतनला असेल तर लवकर पोच, बाहेर ठाण्याची दमट हवा आणि आत एसी, तारा उतरतात किंवा चढतात, वाद्याला अर्धा तास तरी स्टेजवर बसू दे मग ट्यून कर.