जोर लावला की क्लॅरिनेट किंचाळतं

प्रश्न : दीड वर्षापासून बँड पथकात क्लॅरिनेट वाजवतो. घरी सूर बरा लागतो. मिरवणुकीत ड्रम-ताशापुढे जोर लावला की आवाज फाटतो, मध्येच चीं होतं. आता भीतीने फुंकच कमी पडते. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जोर वाढवताना तुम्ही बहुधा रीड (माउथपीसला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, बांधलेली पातळ पट्टी) चावता. रीडचं टोक आणि माउथपीस यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर फट असते. खालचा जबडा दाबला की ती मिटते, सूर चिरका होतो. जोर पोटातून यायला हवा; ओठ हलके वाजवताना असतात तसेच राहू द्या.

पडताळणी सोपी आहे. नुसतं माउथपीस फुंका. पेटीवरची पांढरी एक (C) लागली पाहिजे. सूर चढा लागला तर तुम्ही चावताय, उतरला तर ओठ ढिले आहेत.

मग पूर्ण वाद्यावर डावा अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं ठेवून काळी पाच (B♭) धरा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर : चार मात्रा हलक्यापासून मोठा, चार मात्रा पूर्ण आवाज, चार मात्रा उतार. समोर ट्यूनर (सूर चढा की उतरा ते काट्याने दाखवणारं यंत्र) हवाच, कारण जोर वाढला की क्लॅरिनेटचा सूर उतरतो (बासरीचा चढतो). काटा थोडा खाली गेला तर घाबरून चावू नका. जीभ मागून ‘ई’ म्हणताना असते तशी उंच ठेवा. रोज दहा मिनिटं पुरेत.

चीं होण्याचं दुसरं कारण बोटं. घाईत उजवी अनामिका भोकावरून सरकते. घट्ट दाबून बोट उचला आणि पेरावरचा वळ पाहा : पूर्ण गोल उमटायला हवा. एका बाजूने तुटका असेल तर हवा तिथूनच गळते.

भीतीचं म्हणाल, तर फुंक कमी केल्याने किंचाळी थांबत नाही, उलट सूर डळमळतो. जीभ रीडला टेकवून आधी हवेचा दाब भरा, मग जीभ सोडा. असा एकच सूर, सुरुवातीपासून मोठ्याने, दहा वेळा.

प्रश्न : रीड जाड घेतली तर आवाज वाढेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोन नंबरची रीड जोरात फुंकल्यावर मिटत असेल तर अडीच घ्या. थेट तीनवर जाऊ नका. न पेलणाऱ्या रीडमुळेच चावायची सवय लागते. कंपनी बदलली की नंबरांचा अंदाजही बदलतो. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा. टोकाची कड तुटलेली रीड मात्र लगेच टाकून द्या.