त्या नळीचं तोंड बंद करू नका
घराची ऊब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे. मी इथे आयर्लंडमध्ये रॉसकॉमन काउंटीत नर्स आहे. २०२३ मध्ये आम्ही गावाबाहेर एक जुनं दुमजली घर घेतलं. बैठकीत लाकडाचा स्टोव्ह आहे, त्याला बॅक बॉयलर, म्हणजे जाळामागे पाणी तापवणारी लोखंडी पेटी. त्यावर अंघोळीचं पाणी आणि नऊ रेडिएटर चालतात. बाहेर केरोसीनचा बॉयलरही आहे. जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात आमची वीज सहा दिवस गेली होती. पहिल्या रात्री मुलं गारठली म्हणून स्टोव्ह चांगला पेटवला. तासाभरात भिंतीतल्या पाइपांत धाडधाड आवाज सुरू झाला. माळ्यावर गेलो तर छोट्या टाकीवर वाकलेल्या एका नळीतून उकळतं पाणी टाकीत पडत होतं आणि सगळीकडे वाफ. आम्ही फार घाबरलो. नंतर ओळखीतल्या एकाने सांगितलं, त्या नळीच्या तोंडाला टोपण बसवा म्हणजे पाणी पडणार नाही. बसवू का? हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात, त्या टाकीकडे (इथे तिला सिलिंडर म्हणतात) जाणारे दोन जाड पाइप आहेत, त्यांतल्या एकावर लाल चाकाची तोटी आहे, ती बंदच असते. आणखी एक : वरच्या मजल्यावरचे रेडिएटर कोमटच राहतात. स्टोव्हच्या पट्टीवर पाण्याला १० आणि खोलीला ५ किलोवॅट असं लिहिलंय. यजमान म्हणतात, हे सगळं काढून टाकू.

उत्तर : ताई, पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं : टोपण बसवू नका. कुणीही, कितीही अनुभवाचा माणूस सांगो, त्या नळीचं तोंड बंद करायचं नाही. त्या रात्री तुमचं घर तिने वाचवलं.

मी दापोलीजवळच्या गावचा. आमच्या मागीलदारी तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्यात खालून सोडणं, करवंट्या, काटक्या सारायच्या. नळकांड्याभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की बाजूच्या तोटीतून तेवढंच कढत पाणी बादलीत. आईचे दोन नियम होते. आधी पाणी, मग जाळ. कारण कोरडा बंब पेटवला की डाख सुटतो. आणि नरसाळ्याच्या तोंडावर काही ठेवायचं नाही. पुढे पंचवीसहून जास्त वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नळकाम आणि हीटिंग केलं, शेकड्यांनी बॅक बॉयलर पाहिले, आणि त्या सगळ्यांना हेच दोन नियम लागू पडले.

कारण साधं आहे. केरोसीनच्या बॉयलरची वीज गेली की ज्योत त्याच क्षणी विझते. लाकडाला बटण नसतं. जाळ घातला की तो तासभर, दोन तास उष्णता देतच राहतो, तुम्हाला ती हवी असो वा नसो. म्हणून अशा स्टोव्हच्या पाण्याला तीन गोष्टी लागतात : वीज नसतानाही फिरण्याची वाट, नको असलेली उष्णता सोडायला एक जागा, आणि फुगलेल्या पाण्याला वर मोकळं तोंड. पाणी गार असल्यापासून उकळेपर्यंत चार टक्क्यांच्या आसपास फुगतं. वाफ झाली तर मात्र एका लिटरचे सोळाशेच्या वर लिटर होतात. तोंड बंद असेल तर तो जोर लोखंडाच्या पेटीवर येतो, आणि ती पेटी तुमच्या बैठकीत, मुलं शेकत बसतात तिथे आहे.

आता त्या रात्री काय झालं ते पाहू. रेडिएटरांत पाणी ढकलणारा पंप विजेवर चालतो, तो थांबला. एरवी अशा वेळी पाणी आपोआप फिरतं : तापलेलं हलकं होऊन जाड पाइपाने वर सिलिंडरच्या आतल्या पाइपाच्या गुंडाळीत जातं, तिथे निवून जड होतं आणि दुसऱ्या पाइपाने खाली येतं. ते दोन पाइप जाड, म्हणजे २८ मिलिमीटरचे, असतात आणि सतत चढते असतात ते यासाठीच. पण तुमच्या घरी नेमक्या त्या वाटेवर लाल चाकाची तोटी आहे आणि ती बंद आहे. रेडिएटर लवकर तापावेत म्हणून कुणीतरी ती बसवली असावी. मी असं बऱ्याच घरांत पाहिलंय. पंप बंद, वाट बंद, मग पाणी बॉयलरमध्येच उकळायला लागलं. धाडधाड आवाज त्याचाच. उरलेलं एकच दार होतं, माळ्यावरची ती वाकडी नळी. तिला व्हेंट म्हणतात.

स्टोव्ह पूर्ण गार असताना आजच ती तोटी पूर्ण उघडा. पण तेवढ्यावर थांबू नका, ती कापून काढून तिथे सरळ पाइप जोडून घ्या. तोटी राहिली की उद्या पाहुणा, परवा प्लंबर, कुणीतरी ती फिरवणारच. हे काम घन इंधनाच्या स्टोव्हची माहिती असलेल्या माणसाकडूनच करवा, कारण फक्त गॅस आणि केरोसीनवर शिकलेल्या मुलांना ही आपोआप फिरण्याची वाट अडगळ वाटते. त्याच माणसाला आणखी चार गोष्टी बघायला सांगा. त्या वाटेवर एक रेडिएटर असा हवा की ज्याला कुठलीच तोटी नाही. तो बहुधा न्हाणीघरात असतो. बाकी सगळं बंद असलं तरी तो उष्णता घेतो. माळ्यावरची छोटी टाकी उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची आहे का आणि तिच्या तळाखाली पूर्ण जाड फळी आहे का, हे बघा. साधी टाकी उकळत्या पाण्याने मऊ पडून फाटू शकते, आणि खाली कुणीतरी झोपलेलं असतं. केरोसीनची जोडणी मध्ये कुठे तुमची मोकळी वाट अडवत नाही ना, हे तपासा. आणि ती टाकी, तिचे पाइप, व्हेंट, सगळ्यांना उबदार वेष्टण हवं.

वेष्टणाबद्दल मी इतकं आग्रहाने का सांगतो? डिसेंबर २०१० ची थंडी. एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोन आला, नळ बंद आहेत, माळ्यावर बर्फ दिसतोय, पण स्टोव्ह आहे ना, तो पेटवतो. मी फोनवरच ओरडलो, पेटवू नका. खालून भरणारा पाइप गोठलेला, व्हेंट गोठलेली, म्हणजे दोन्ही तोंडांना बर्फाची टोपणं. जाऊन पाहिलं तर चिपाट्या रचून तयार होत्या. त्या रात्री ते शेजाऱ्यांकडे झोपले. अजूनही कडाका पडला की मला त्या चिपाट्या आठवतात.

पुढच्या वेळी वीज गेली तर? २४ जानेवारी २०२५ ला या देशात ७,६८,००० घरं-दुकानं अंधारात गेली होती, तेव्हा पुढची वेळ येणार हे धरून चाला. स्टोव्ह पेटवा, पण लहान जाळाने. एकावेळी एक-दोन ओंडके. उकळल्याचा आवाज आला तर हवेची झडप बंद करा, नवं लाकूड घालू नका, आणि न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडा म्हणजे सिलिंडरमध्ये गार पाणी येऊन उष्णता शोषली जाईल. मुलांना नळापासून लांब ठेवा, ते पाणी भाजतं. जाळावर पाणी ओतू नका. तुमच्याकडे विहिरीचा पंप असेल तर जास्तच जपा : वीज नाही म्हणजे माळ्यावरच्या टाक्या भरत नाहीत, आणि उकळून पाणी संपलं तर बॉयलर कोरडा पडेल. कोरड्या, तापलेल्या बॉयलरमध्ये चुकूनही गार पाणी सोडू नका. पाण्याची खात्री नसेल तेव्हा जाळ विझू द्या आणि गोधड्या काढा.

लोडशेडिंगच्या काळात आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले, तसा इथे पंपापुरता बसवता येतो. नवे पंप २०-२५ वॅटवर चालतात; १०० अँपिअर-तासाची एक बॅटरी निम्मी वापरली तरी एक दिवसाच्या आसपास पुरेल. सोयीसाठी जरूर घ्या. मात्र बॅटरी आहे म्हणून मोकळी वाट नको, असं करू नका. बॅटरी संपते.

वरचे रेडिएटर कोमट राहतात त्याचं उत्तर तुमच्याच पट्टीवर आहे. पाण्याला १० किलोवॅट मिळतात, तेही कोरडं लाकूड आणि भरपूर जाळ असताना. मध्यम आकाराचा रेडिएटर सव्वा ते दीड किलोवॅट मागतो. नवांचे झाले बारा-तेरा, वर अंघोळीचं पाणी. दहात ते बसत नाही. आधी रेडिएटरांतली हवा काढून पाहा, पण स्टोव्हवर असताना पाच-सहाच उघडे ठेवा. निजायच्या खोल्या आणि मुलांची अभ्यासाची जागा. सगळे एकदम हवे असतील त्या दिवशी केरोसीन लावा. पंप चालू करणारा थर्मोस्टॅट पाइपावर बांधलेला असतो, तो ५० अंशांच्या आसपास लावलेला असावा. त्याआधी पंप फिरला तर गार पाणी बॉयलरमध्ये परत येत राहतं, त्याच्या थंड पत्र्यावर धुराचं डांबर बसतं आणि पत्रा आतून गंजतो. रात्री झडप आवळून जाळ धुमसत ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. चिमणीत आग लागते ती याच डांबराला.

काढून टाकायचं म्हणताय, तो निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर नीट केलेला स्टोव्ह ठेवा. वीज नसताना घर, अंघोळ आणि चहाचं आधण हे तिन्ही देणारं दुसरं काही तुमच्या घरात नाही. भिंतीतली हवेची जाळी मात्र थंडी येते म्हणून कापडाने बुजवू नका, आणि त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. तुम्ही नर्स आहात, जास्त सांगायला नको.

प्रश्न : मी आयर्लंडमध्येच, केरीत राहतो. मागच्या शरद ऋतूत आवारातली रोग पडलेली ॲशची दोन झाडं पाडली. लाकूड शेडमध्ये रचलंय, वरून कोरडं दिसतं, पण स्टोव्हमध्ये सूं-सूं करतं, काच काळी होते आणि पाणी तापत नाही. स्टोव्ह बिघडलाय का?

उत्तर : स्टोव्ह ठीक आहे, लाकूड ओलं आहे. सूं-सूं म्हणजे त्यातलं पाणी उकळतंय, तुमच्या सिलिंडरमधलं नव्हे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ओंडका कुऱ्हाडीने फोडा आणि ताज्या फाकेवर, मधोमध सुया टोचा. बाहेरून टोचलं तर आकडा फसवतो. २० टक्क्यांच्या आत हवं. आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून विकायच्या लाकडाच्या ओलाव्यालाही कायद्याने मर्यादा आहे, ती याचसाठी.

हिशोब असा. कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट उष्णता असते, निम्मं पाणी असलेल्या लाकडात जेमतेम दोन. १४० लिटरचा सिलिंडर १० अंशांवरून ६० वर न्यायला ८ युनिट लागतात. स्टोव्ह आणि खोली आपला वाटा घेतात ते धरलं तर कोरडं लाकूड चार किलो पुरेल. ओलं आठ किलो घालूनही तितकं तापणार नाही, कारण जाळच गार राहतो. ॲश हे लाकूड फार चांगलं, त्याला घाई करू नका. मनगटाएवढे फोडा, बाजू उघड्या ठेवून फक्त वर छप्पर द्या, वारा लागू द्या. अजून एक उन्हाळा. तोवर लागेल तेवढं कोरडं विकत घ्या, आणि चिमणी साफ करवून घ्या. या हिवाळ्यात तुम्ही तिच्यात बरंच डांबर घातलंय.

प्रश्न : इंग्लंडमध्ये लीड्सला भाड्याच्या जुन्या घरात आलोय. बैठकीत उघडी शेकोटी आहे. मालक म्हणाले, हवी तर पेटवा. आत मागे एक लोखंडी पेटी दिसते, तिचे दोन पाइप कापून टोपणं लावलेली आहेत. दिवाळीला मित्र येणार आहेत, तेव्हा पेटवावी का?

उत्तर : नाही. ही पेटी म्हणजे जुना बॅक बॉयलर. गॅस आला तेव्हा पाइप कापले आणि पेटी तिथेच सोडली. दोन्ही तोंडं बंद आहेत, आत वाटीभर पाणी उरलेलं असलं तरी पुढे जाळ लागल्यावर त्याची वाफ कुठे जाणार? ब्रिटनमध्ये अशा पेट्या फुटून जीव गेलेत. मालकांना आजच लेखी कळवा की पेटी काढून टाका, नाहीतर जाणकार माणसाकडून तिला भोकं पाडून ती कायमची उघडी करा. मग चिमणी साफ करवून तपासून घ्या. तुमचा भाग धूरनियंत्रण क्षेत्रात असेल तर उघड्या शेकोटीत लाकूड जाळता येत नाही, तेही कौन्सिलकडे विचारा. तोवर शेकोटीच्या तोंडावर पुठ्ठा लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पेटवू नये’ लिहा, इंग्रजीतही लिहा. मित्रांपैकी कुणी हौसेने काडी ओढायचा. पेटीला भोकं पडली की तिचा फोटो मला पाठवा.