वेटलँडला पाणथळ म्हणायचं की आर्द्रभूमी?

प्रश्न असा होता की वेटलँडवरच्या नव्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना पाणथळ, दलदल, आर्द्रभूमी यातलं काय वापरावं, आणि नागपूरचा फुटाळा तलाव त्यात बसतो का.

आर्द्रभूमी आधी बाजूला ठेवा राजे हो. सरकारी हिंदीतून आलेला शब्द आहे, चूक नाही, पण आमच्या इकडं कोणताही शेतकरी माझं वावर आर्द्रभूमीत आहे असं म्हणत नाही, पाणथळ आहे म्हणते. पाणी आणि थळ, थळ म्हणजे स्थळच, बोलून बोलून घासलेलं. मुळात हे विशेषण, पाणथळ जमीन, पाणथळ जागा, आता पर्यावरणवाले नाम म्हणूनही वापरतात आणि पाणथळी असं अनेकवचनही करतात, मला काही खटकत नाही.

दलदल मात्र नको. दलदल म्हटलं की पाय रुतणार एवढंच डोळ्यापुढं येतं, आणि वेटलँड तर उन्हाळ्यात पार कोरडीही पडू शकते. इराणातल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ ला जो करार झाला त्याची व्याख्या लय मोठी आहे: नैसर्गिक असो की माणसानं केलेली, कायमची असो की काही महिन्यांची, वाहतं पाणी की साचलेलं, गोडं की खारं, सगळं त्यात, समुद्रही ओहोटीला सहा मीटर खोलीपर्यंत. म्हणून लोणारचं खारं सरोवर आणि नांदूर मधमेश्वरचं बंधाऱ्यामागचं पाणी दोन्ही रामसर यादीत आहेत.

आता फुटाळा. इथंच खरी गंमत आहे, आणि भाषांतर करणाऱ्यानं इथंच सांभाळायचं. आपल्या देशाच्या वेटलँडवरच्या २०१७ च्या नियमांत नदीचं पात्र, धानाची बांधी (भाताचं खाचर), पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव हे सगळं व्याख्येतून वगळलेलं आहे, आणि फुटाळ्यात केलेल्या कारंज्याची केस कोर्टात गेली तेव्हा भांडण नेमकं याच शब्दावर आलं, मानवनिर्मित तलाव म्हणून तो नियमातली वेटलँड नाही असं ठरलं. म्हणजे रामसरच्या अर्थानं पाणथळ, कायद्याच्या अर्थानं नाही! तेव्हा पुस्तिकेत कायद्याबद्दल लिहाल तिथं 'नियमांनुसार पाणथळ' असं पूर्ण लिहा, नाहीतर वाचणारा गोंधळते.

आणि एक, भंडारा-गोंदियाचे लोक वाचणार असतील तर बोडी आणि मामा तलाव हे शब्द घालाच. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारी म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जुनी पद्धत, ती १९५० नंतर गेली म्हणून 'माजी', आईच्या भावाशी काही संबंध नाही (मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर कळलं). बोडी म्हणजे छोटा तलाव, धानाला पाणी द्यायचा. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं केलेल्या पाणथळींच्या ॲटलासमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या ठिपक्यानं दाखवल्यात, त्यामुळं लहान बोडी नकाशात ठिपका होऊन बसते, तिचं नावही नसते. ते नाव गावातल्या माणसालाच विचारावं लागते, आणि तो वेटलँड म्हटलं तर सांगणार नाही, बोडी म्हटलं तर हात धरून नेऊन दाखवते.