गोळ्या लपवून खायची वेळ आली म्हणजे मी व्यसनी झाले का?

नाव छापू नका म्हणालीस, नाही छापत. पत्र मोठं होतं, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. वय 44, सहा वर्षांपूर्वी पाय घसरून पडली तेव्हापासून कंबर दुखते ती थांबलेलीच नाही. डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, आधी दिवसाला दोन होत्या, आता सहा-सात होतात. जास्त दुखलं की वरून डायक्लोफेनॅक. बीपीची गोळी चालू आहेच. रात्री झोप लागत नाही म्हणून सासूबाईंच्या अल्प्राझोलममधली अर्धी. स्ट्रिप्स कपाटात कपड्यांच्या घडीखाली. नवरा म्हणतो तुला गोळ्यांचा नाद लागलाय, म्हणून चिडून एक दिवस सगळं बंद केलंस तर दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, जुलाब, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, घाबरून परत सुरू केल्यास. आणि विचारतेस, मावशी, मी व्यसनी झाले का.

अगं, जे झालं त्याला विथड्रॉवल म्हणतात. ट्रामाडॉल ही अफूच्या कुळातली गोळी आहे, ओपिऑइड. कोणीही महिनोन्‌महिने रोज घेतली की शरीराला तिची सवय होते आणि अचानक बंद केली की शरीर असंच बोंबलतं, त्यात तुझ्या स्वभावाचा काही संबंध नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, गोळीसाठी बाकी सगळं मागे पडतं, दुखत नसतानाही ती हवीशी वाटते. तुझ्या पत्रात मला दुखणं दिसतं आणि भीती दिसते. पण लपवणं आणि सांगितल्यापेक्षा जास्त घेणं हे दोन्ही मला आवडलेलं नाही, कारण व्यसन इथूनच सुरू होऊ शकतं, म्हणून तू व्यसनी नाहीसच असं सर्टिफिकेट मी देणार नाही, ते डॉक्टरांनी तपासून सांगावं. आणि समजा निघालंच, तरी तोही आजारच, त्यालाही उपचार आहेत.

आता जे वाचून मी खरंच दचकले ते तू एका ओळीत उरकलंस. अल्प्राझोलम. ट्रामाडॉल आणि ही झोपेची गोळी, दोन्ही मेंदूला आणि श्वासाला मंद करतात, एकत्र घेतल्या तर झोपेतच श्वास अगदी कमी होऊ शकतो, माणसं दगावलीत यात. दारूचंही तेच. कधीतरी अर्धी घेत असशील तर आजपासून नको. मात्र महिनोन्‌महिने रोज रात्री चालू असेल तर तीही एकदम तोडू नकोस, तिच्या अचानक बंद करण्यानेही फिट येऊ शकते, तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. डिप्रेशनची किंवा एन्झायटीची काही गोळी चालू असेल तर तीही सांग, त्यातल्या काहींचं ट्रामाडॉलशी जमत नाही, फिटचा धोका वाढतो आणि सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन अति वाढून होणारा धोकादायक प्रकार, होऊ शकतो.

मग पॅरासिटामॉलचा हिशोब कर. तुझ्या गोळीत ते बहुतेक 325 मिलिग्रॅम असेल, स्ट्रिपवर बघ. सात गोळ्या म्हणजे 2275. त्यात सर्दी झाली म्हणून 500 वाल्या तीन घेतल्यास की 3775 झाले, आणि धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा 4000, लिव्हर कमजोर असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत हे आत असतंच आणि आपल्याला पत्ताही नसतो. लिव्हर बिघडायला लागलं तरी पहिला दिवसभर फारसं काही जाणवत नाही, हीच त्याची खोड.

डायक्लोफेनॅकला लोक साधी पेनकिलर समजतात. तिने पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येतो, हार्ट अटॅकचा धोका वाढतो, आणि बीपीही वाढतं, म्हणजे एकीकडे बीपीची गोळी आणि दुसरीकडे बीपी वाढवणारी. काही बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि ही, तिन्ही एकत्र आल्या तर किडनी एकदम बसू शकते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीस? संडास डांबरासारखी काळी झाली तर सकाळची वाट बघायची नाही, हॉस्पिटल.

एवढं वाचून परत सगळं एकदम बंद करशील, मला माहितीये, तर तेच करू नकोस. अमेरिकेत आधी या ओपिऑइड गोळ्या वारेमाप लिहून दिल्या गेल्या, मग घाबरून अनेकांच्या झटक्यात तोडल्या गेल्या, लोकांचे इतके हाल झाले की 2019 मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेला, एफडीएला, इशारा द्यावा लागला की अचानक बंद केल्याने तीव्र दुखणं, मानसिक त्रास, आत्महत्याही होतायत. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी सीडीसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचं, 2022 चं म्हणणं साधारण महिन्याला 10 टक्के कमी करायचं किंवा त्याहूनही हळू, असं आहे. तुझा वेग तुझे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना खरा आकडा कळला पाहिजे ना, ते अजून दोनच गोळ्या धरून चाललेत! सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून ने आणि टेबलावर ओत. सरळ सांग, मी सहा-सात घेते, बंद करून बघितलं तर असं असं झालं. त्यांनी फक्त ओरडून घरी पाठवलं तर दुसरे बघ, पेन क्लिनिक असेल तर उत्तमच.

आणि एक ऐकायला कडू आहे. सहा वर्षांचं दुखणं शून्यावर आणू असं जो कोणी छातीठोक सांगेल, त्याच्यापासून लांब राहा, विशेषतः बिननावाच्या पुड्या देत असेल तर. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आठवड्यात चमत्कार आणि नंतर सुजलेलं तोंड, वाढलेली शुगर, ठिसूळ हाडं. एमआरआयमध्ये डिस्क झिजलीय म्हणून तू रडलीस, पण 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या लोकांपैकी 68 टक्क्यांच्या स्कॅनमध्ये हीच झीज दिसली होती. दुखणं खोटं नाही तुझं, पण इतकी वर्षं चाललं की नसा आणि मेंदूच जास्त संवेदनशील होतात, आणि काही जणांत या ओपिऑइड गोळ्यांनीच दुखणं वाढतं.

तूच लिहिलंयस, बरं वाटलं त्या दिवशी अख्खं घर आवरलं आणि मग तीन दिवस आडवी. हे बदल. बऱ्या दिवशीही वीस मिनिटं काम की थांबायचं, अजून होतंय असं वाटत असतानाच थांबायचं, आणि वाईट दिवशीही थोडं का होईना चालायचं. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बसवून घे, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही फरक वाटणार नाही, तरी सोडू नकोस. कंटाळवाणं आहे, मान्य. पण गोळ्या कमी करताना हाताशी दुसरं काहीतरी लागतंच.

नवऱ्याला डॉक्टरांकडे सोबत ने. नाद आणि सवय यातला फरक तू सांगितलास तर सबब वाटेल, डॉक्टरांनी सांगितला तर ऐकेल. पुढचे काही महिने तू चिडचिडी होणारेस, रात्री जागणारेस, तेव्हा घरातलं वजन उचलायचं काम त्याचं, हेही तिथेच त्याच्यासमोर बोलून घे.

पायात जोर राहिला नाही, लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर लगेच इमर्जन्सी. विनाकारण वजन घटलं किंवा तापासोबत कंबर दुखायला लागली तरी थांबू नकोस.

ता.क. मध्ये कमरेच्या पट्ट्याचं विचारलंस. दुखणं फार उसळलं असेल तर थोडा वेळ लाव, दिवसभर नको, आणि झोपताना काढ.